रिकाम्या कॉटचं भाडं

महागड्या शहरातलं शिकणं : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण वसतिगृहाच्या तिन्ही याद्यांत नाव न लागलेल्या मुलांना पार्ले स्टेशनबाहेर बॅगांसकट उभं करून निघून आलो. बऱ्याच वाचकांनी विचारलं, मग पुढे त्यांनी जायचं कुठे? त्या मुलांत माझी सांगलीची भाचीही होती. तेव्हा उत्तर मी घरातूनच सुरू करतो.

जुलैचा दुसरा आठवडा, पाऊस धो धो. भाची, तिचे वडील म्हणजे आमचे दाजी आणि मी, तिघं मरोळच्या बाजूला एक 'को-लिव्हिंग' इमारत बघायला गेलो. खाली काचेचं दार, आत कॉफीचं मशीन, भिंतीवर रंगीत अक्षरांत स्वागत. वर दोघींसाठीची खोली, दहा बाय अकराची. दोन पलंग, दोन गाद्या, दोन कपाटं, एक टेबल, एसी. दाजींनी सवयीने भिंतीवर बोटाने टकटक केलं. प्लायवूड. पलीकडून कुणीतरी खोकलं ते इकडे स्वच्छ ऐकू आलं. भाचीने कपाट उघडलं तर ओलीचा वास, आणि मागच्या फळीवर खालून वर चढत गेलेली हिरवट बुरशी.

टॅब घेतलेला मॅनेजर पोरगा उत्साहाने सांगत होता, "सर, तीन महिन्यांचा लॉक-इन, नंतर फक्त महिन्याची नोटीस. एकदम फ्लेक्सिबल."

दाजी म्हणाले, "म्हणजे महिन्याच्या नोटिशीवर तुम्ही पण हिला बाहेर काढू शकता?"

पोरगा टॅबमध्ये बघत राहिला. करारात पुढे तसंच लिहिलेलं निघालं.

सामानासकट, हव्या तेवढ्या मुदतीची ही खोली विद्यार्थ्याने घ्यावी का, हा आजचा विषय. माझ्या मते त्यात एकच गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. मुदत मोडून कुणी निघून गेलं की एक कॉट रिकामी पडते, आणि तिचं भाडं कोणाच्या तरी खिशातून जातंच. ते कोण भरतं एवढं शोधलं की बाकीचा हिशोब आपोआप उलगडतो.

कॉटचा हिशोब मुंबईला नवा नाही. धोबीतलावच्या जेर महालात आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत गोव्याच्या गावांचे 'कूड' होते, काही अजूनही आहेत. एकेका गावाचा एक क्लब. बोटीवरून उतरलेला खलाशी किंवा नोकरी शोधायला आलेला पोरगा तिथे आपली पेटी ठेवायचा, संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायचा, दुसरी बोट मिळाली की निघून जायचा. गिरणगावात कोकणातल्या गावकऱ्यांच्या खोल्याही याच जातीच्या: भिंतीशी ट्रंका, दोरीवर वळकट्या, आणि पाळी बदलली की झोपणारी माणसंही बदलायची. आजच्या कुठल्याही कंपनीपेक्षा ही व्यवस्था लवचिक होती आणि तरी स्वस्त होती. कारण एखादा निघून गेला तरी ती जागा गाव सांभाळून घेई. वर्गणी सगळ्यांची, तोटाही सगळ्यांचा. आता गावाच्या जागी कंपनी आली आहे. रिकाम्या कॉटचा अंदाज बांधून ती तो सगळ्यांच्या मासिक दरात आधीच मिसळून ठेवते. वर्षभर न हलणारा विद्यार्थीही दर महिन्याला दुसऱ्याच्या निघून जाण्याचे पैसे भरत असतो.

दुसऱ्या बाजूला आहे आपला ओळखीचा मार्ग: तिघा-चौघांनी मिळून फ्लॅट आणि अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स. या अकरा महिन्यांमागे एक जुनी भीती आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडेकरूला इतकं संरक्षण दिलं की मालक 'भाडं' हा शब्दच टाळू लागले आणि जागा 'लायसन्स'वर देऊ लागले. मग कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी करार चालू असताना जागेत राहत असलेले लायसन्सवाले थेट भाडेकरू ठरले. त्या धक्क्याने कित्येक मालकांनी घरं कुलूपबंद ठेवली, पण दिली नाहीत. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ ने मालकांना दिलासा दिला: मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडून जागा खाली करून घेण्याची सोय. कायदा बदलला तरी अकराचा आकडा मात्र हाडीमांसी मुरला तो मुरलाच. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, अशी समजूत अजून ऐकू येते. महाराष्ट्रात ती चुकीची आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती टाळली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं आहे हे सिद्ध होईपर्यंत.

आता बेरीज. पुढचे आकडे मी निव्वळ समजुतीसाठी धरले आहेत, तुमच्या भागातले तुम्ही घाला.

तिघींचा वन बीएचके, भाडं ३६,००० म्हणजे डोई १२,०००. डिपॉझिट १,२०,०००. दलाली एक महिन्याचं भाडं, डोई १२,०००. स्टॅम्प ड्युटी एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का, म्हणजे इथे हजार-अकराशेच्या घरात. वर नोंदणीचे शहरी भागात १,०००. एजंटाची फी धरून डोई १,००० समजू. गादी, टेबल, बादल्या, भांडी, भाड्याचा फ्रिज हे ८,०००. वीज, गॅस, वायफाय, केर-लादीच्या मावशी मिळून महिन्याला डोई १,८००. म्हणजे २१,००० एकदाच, आणि मग महिना १३,८००.

को-लिव्हिंगची कॉट १९,०००, एसीची वीज वेगळी १,०००, आत शिरताना एकदाच ३,०००. म्हणजे महिना २०,०००.

वरवर पाहता तीन महिन्यांतच फ्लॅट स्वस्त पडतो. पण फ्लॅटच्या करारात सहा महिन्यांचा लॉक-इन असला तर चित्र फिरतं. चार महिन्यांची इंटर्नशिप करून निघालात तरी भाडं सहा महिन्यांचं: एकूण १,००,२००. कॉटवर तेच चार महिने ८३,००० ला झाले असते. पाचव्या महिन्याला दोन्ही पारडी जवळजवळ बरोबरीला येतात, १,०२,००० आणि १,०३,०००. पूर्ण वर्ष धरलं तर कॉलेज खरं दहा महिन्यांचं. मे महिन्यात पोरगी सांगलीला आंबे खात असते आणि फ्लॅटचं भाडं चालू असतं. तो अकरावा महिना धरूनही फ्लॅट १,७१,००० ला पडतो आणि कॉट दहा महिन्यांची २,०३,००० ला. फरक बत्तीस हजार. डिपॉझिटचे डोई ४०,००० बिनव्याजी अडकतात, ते मी यात धरलेले नाहीत. कर्ज काढून भरणाऱ्याने जरूर धरावेत. केंद्राने २०२१ मध्ये आणलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांपुरतं ठेवायला सुचवलं आहे, पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच चालतो.

बेरजेत न दिसणारी गोष्ट फ्लॅटमधली तिसरी मैत्रीण. ऑक्टोबरात तिला पुण्याला प्रवेश मिळाला किंवा दोघींशी तिचं बिनसलं, की १२,००० चे उरलेल्या दोघींवर १८,००० होतात. तिघींनी एकत्र सही केलेल्या करारात मालक सहसा पूर्ण भाडं कुणाकडूनही मागू शकतो. रिकाम्या कॉटचं भाडं इथे मैत्रिणी भरतात. को-लिव्हिंगमध्ये प्रत्येकीचा करार स्वतंत्र, शेजारची कॉट वर्षभर रिकामी राहिली तरी तुमच्या बिलात एक रुपया वाढत नाही. माझ्या दृष्टीने त्या जादा पैशांतली ही खरी खरेदी. कॉफीचं मशीन नव्हे.

करार वाचताना पहिली ओळ बघा: नाव काय लिहिलंय? लिव्ह अँड लायसन्स, की 'सेवा करार', की 'सदस्यत्व'? पुष्कळदा इमारत तिसऱ्याच माणसाची असते आणि कंपनीने ती घाऊक घेतलेली असते. मूळ मालक आणि कंपनी यांचं फिसकटलं तर विद्यार्थी मध्ये लटकतो, कारण मूळ मालकाशी त्याचा काहीच करार नसतो. तेव्हा मूळ करार कधीपर्यंतचा आहे आणि पुढे कॉट देण्याची परवानगी त्यात आहे का, हे सरळ विचारावं. विचारायला लाजू नये, पैसे आपण मोजतोय. पत्त्याचा पुरावा म्हणून हा कागद चालेल का, पोलिसांकडे माहिती कोण देणार, हेही त्याच बैठकीत.

मुदतीची आणखी एक गंमत जीएसटीत आहे. जुलै २०२४ पासून दरडोई महिना २०,००० पर्यंतची राहण्याची सोय करमुक्त झाली, पण सलग किमान ९० दिवस राहिलं तरच. म्हणजे 'महिनाभर राहा, आवडलं नाही तर जा' या योजनेत कर वर येऊन बसू शकतो, आणि दर २०,५०० असेल तर मुदत कितीही असली तरी सूट नाही. दोन्ही आकडे लक्षात ठेवून दराची घासाघीस करता येते. भाचीने केली.

सामानाच्या यादीचं मात्र कुणी मनावर घेत नाही. 'फर्निश्ड' या शब्दाला कायद्यात काही ठरलेला अर्थ नाही. यादीत जे लिहिलंय तेवढंच सामान. आमच्या हातात आलेल्या यादीत 'कपाट १' एवढंच होतं. भाचीने पेन मागून पुढे लिहिलं, 'मागील फळीस बुरशी, डाव्या दाराची बिजागरी सैल', आणि मॅनेजरची सही घेतली. मग मोबाईलवर फोटो: कपाट, गादीची खालची बाजू, नळाखालचा गंज, सबमीटरचा आकडा. सगळे त्याच मॅनेजरच्या व्हॉट्सॲपवर, तारखेसकट. सबमीटरचा युनिटचा दरही यादीतच लिहून घ्या. वीज कंपनीचा दर वेगळा आणि इमारतीचा वेगळा, हे पहिल्या बिलाला कळून उपयोग नाही.

दाजींचं मत होतं की एवढ्या पैशांत सांगलीत अख्खा वाडा येईल. खरं असेल. पण तीन याद्या हुकलेल्या, कुणी ओळखीचं नाही, आणि सोमवारी लेक्चर सुरू, अशा वेळी सहा महिन्यांच्या बंधनात अनोळखी मुलींबरोबर सही करण्यापेक्षा महागडी कॉट परवडते, असं मी म्हणालो आणि अजून म्हणतो. ती वर्षाची म्हणून घेऊ नये. शहर कळेपर्यंत, वर्गात कोण भांडी घासतं आणि कोण नुसतं म्हणतं हे कळेपर्यंत घ्यावी.

भाची १४ जुलैला राहायला गेली आणि ३१ ऑक्टोबरला निघाली. निघताना हिशोब आला: कपाटाच्या नुकसानीचे १,५०० आणि 'डीप क्लीनिंग'चे २,०००. कपाटाचे पैसे फोटो दाखवल्यावर दोन मिनिटांत गळाले. साफसफाईचे गेलेच, कारण ते कराराच्या नवव्या पानावर होते आणि आम्ही मामा-भाची दोघांनीही आठव्या पानावर जांभई देऊन सही केली होती.

आता तिघीजणी जोगेश्वरीला वन बीएचकेत आहेत. तिथला करार, सोसायटीची एनओसी, 'बॅचलर चालणार नाही' म्हणणारे सेक्रेटरी आणि मे महिन्याच्या भाड्यावरून मालकीणबाईंशी झालेली तडजोड, हे पुढच्या आठवड्यात.