छोटे विमान, मोजके पेट्रोल

मुलांनो, प्लेझान्सच्या विमानतळावर उतरणारी मोठमोठी विमाने तुम्ही पाहिली असतील. आज आपण एका छोट्या विमानाची माहिती घेऊ. त्याचे नाव सेस्ना १७२. त्यात चालकासह चारच माणसे बसतात. अमेरिकेत परवाना असलेले लोक असे विमान तासाच्या भाड्याने घेतात व स्वतः चालवतात.

समोरून वारा येत असताना तुम्ही सायकल चालवली आहे ना? हळू गेलात तर फार जड जात नाही. जोरात निघालात, की वारा छातीवर आदळतो आणि दम लागतो. विमानालाही हवा अशीच अडवते. वेग दुप्पट केला, तर हा अडथळा दुप्पट नव्हे, चौपट होतो! म्हणून थोडा वेग वाढवायलाही पुष्कळ पेट्रोल जळते.

चालकासमोर एक काळी मूठ असते. ती आत ढकलली की इंजिनाचा जोर वाढतो. बाहेर ओढली की कमी होतो. इंजिनाच्या पूर्ण शक्तीचे शंभर भाग माना. १९७० नंतरच्या दशकातले एक सेस्ना १७२ त्यातले ७५ भाग वापरून सुमारे ९०० किलोमीटर जाई. अधिक उंचावरून, ४५ भाग वापरून, ते तेवढ्याच पेट्रोलवर सुमारे १,०६५ किलोमीटर जाई. मात्र पहिल्या प्रवासाला चार तास लागत, तर दुसऱ्याला जवळजवळ पावणेसहा.

"मग अगदीच हळू का जाऊ नये?" असे तुम्ही विचाराल. फार हळू गेले, तर विमान तोलून धरण्यासाठी त्याचे नाक वर करावे लागते. मग हवेचा अडथळा पुन्हा वाढतो.

भाड्याची तर आणखीच गंमत! पुष्कळ ठिकाणी पेट्रोलचे पैसे तासाच्या भाड्यातच धरलेले असतात. तिथे हळू जाणाऱ्याचे पेट्रोल वाचते, पण तास वाढतात आणि भाडेही वाढते. पेट्रोलचे पैसे वेगळे द्यायचे असतील, तर दोन्ही हिशोब करून पाहावे लागतात.

पण सगळा हिशोब पैशांचाच नसतो. वाटेत पेट्रोल संपले, तर विमान रस्त्याच्या कडेला उभे करता येत नाही. म्हणून अमेरिकेत नियम आहे, की दिवसा निघताना मुक्कामाला पोहोचून आणखी अर्धा तास उडता येईल एवढे पेट्रोल हवे; रात्री पाऊण तासाचे. सेस्नाच्या टाक्या पंखांत असतात आणि पंख डोक्यावर. शहाणा चालक नुसत्या काट्यावर विसंबत नाही. निघण्यापूर्वी तो वर चढतो, टाकीचे झाकण उघडतो आणि खुणा केलेली काडी आत बुडवून पेट्रोल मोजतो.