आपली गाडी, आपले पाने – लेखांक ९ : ग्लोव्ह बॉक्सच्या मागे

या आठवड्याच्या कामाला पाना लागत नाही. स्क्रू-ड्रायव्हरही बहुधा लागत नाही, आणि हात काळे झालेच तर ते ऑइलने नव्हे, धुळीने होतात. गेल्या लेखांकात आपण इंजिनाचा एअर फिल्टर पाहिला. तो बॉनेटखाली असतो आणि त्याची हवा इंजिनाला जाते. आज जो काढायचा आहे, त्याची हवा गाडीत बसलेल्या माणसांच्या नाकात जाते. पार्ट्सच्या दुकानात त्याला ‘एसी फिल्टर’ म्हणा, लगेच कळतं. खोक्यावर ‘केबिन फिल्टर’ किंवा ‘पोलन फिल्टर’ छापलेलं असलं तरी वस्तू तीच. नुसतं ‘एअर फिल्टर द्या’ म्हणालात तर काउंटरवरचा मुलगा इंजिनाचा काढून देईल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

या मालिकेत बऱ्याच कामांच्या बाबतीत मी म्हणत आलो की जमलं तर करा, नाहीतर गॅरेजला द्या. या कामाच्या बाबतीत माझं मत उलट आहे: हे गॅरेजला देऊच नका. सर्व्हिसिंगच्या बिलावर ‘एसी फिल्टर क्लीन’ अशी एक ओळ असते. तो फिल्टर मालकाने कधी पाहिलेला नसतो, आणि क्लीन म्हणजे नेमकं काय केलं हेही त्याला ठाऊक नसतं. बहुतेक ठिकाणी कॉम्प्रेसरची नळी धरून हवा मारतात आणि तोच फिल्टर परत बसवतात. ते का उपयोगाचं नाही, ते पुढे येईलच.

आधी हवेचा रस्ता समजून घेऊ. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपर बसवलेले असतात तिथे, काळ्या प्लॅस्टिकची जाळी असते. बाहेरची हवा तिथून आत शिरते. आत एक झडप असते. गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असलेलं बटण दाबलं की ती हलते, आणि बाहेरची हवा घ्यायची की आतलीच फिरवायची हे ठरतं. झडपेच्या पुढे फिल्टर, मग ब्लोअरचा पंखा, मग एसीची कूलिंग कॉइल, मग हीटर, आणि शेवटी आपल्या तोंडासमोरचे व्हेंट. काही गाड्यांत पंखा आधी येतो आणि फिल्टर त्याच्यानंतर, कॉइलच्या तोंडाशी उभा असतो. बहुतेक गाड्यांत फिल्टर झडपेच्या नंतर असल्यामुळे आतली हवा फिरवली तरी ती त्यातूनच जाते, आणि प्रत्येक फेरीत आणखी थोडी साफ होते. पुढे काळा धूर ओकणारा डंपर असेल तर आतली हवा फिरवणं शहाणपणाचं. मात्र चार माणसं बसवून पुणे–नाशिक सगळा प्रवास तसाच केला, तर कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि चालवणाऱ्याला जांभया सुरू होतात. त्यावर फिल्टरचा काही इलाज नाही. अधूनमधून बाहेरची हवा घ्यायलाच हवी.

या रस्त्यातली कॉइलची जागा लक्षात ठेवा. एसी चालू असताना ती सतत ओली असते. फिल्टर नसेल तर धूळ तिच्या बारीक पत्र्यांवर बसते, ओली होते आणि तिचा चिखल होतो. मग त्यावर बुरशी आणि कुबट वास. फिल्टर बदलायला काही मिनिटं लागतात, पण ती कॉइल काढून धुवायची तर पुष्कळ गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. म्हणजे हा फिल्टर नाकासाठी आहे तितकाच कॉइलसाठीही आहे. अमेरिकेत नॅश मोटर्सने १९३८ मध्येच बाहेरची हवा गाळून, गरम करून आत सोडणारी यंत्रणा गाडीत दिली होती. आपल्याकडे मात्र कित्येक स्वस्त मॉडेलांत कंपनीने एसी दिला आणि फिल्टर दिलाच नाही. खाच तयार, वर कोरं झाकण, आत काही नाही. तुमची गाडी त्यातली निघाली तर वाईट वाटून घेऊ नका. त्या मापाचा फिल्टर बहुधा बाजारात मिळतो. झाकणाचं प्लॅस्टिक थोडं कापावं लागेल, इतकंच.

आता जरा फिल्टरच्या आत शिरू, कारण या विषयातली खरी गंमत तिथे आहे. फिल्टर चहाच्या गाळणीसारखा काम करतो, असं आपण धरून चालतो: भोकापेक्षा मोठं ते वर राहतं, लहान ते खाली पडतं. तसं असतं तर ज्या पीएम २.५ ची एवढी चर्चा होते, त्यातला एकही कण अडला नसता. हे कण अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, यावरून अंदाज घ्या. फिल्टरच्या धाग्यांमधल्या फटी या कणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. तरी कण अडतात, ते वेगवेगळ्या कारणांनी. हवा धाग्याला वळसा घालून पुढे जाते, पण जड कणाला तितक्या चटकन वळता येत नाही. तो सरळ जाऊन धाग्यावर आदळतो. परागकण आणि रस्त्यावरची भरड धूळ अशी अडते. अगदी सूक्ष्म कण, ०.१ मायक्रॉनच्या खालचे, हवेच्या रेणूंचे धक्के खात वाकडेतिकडे भरकटतात आणि त्या भरकटण्यातच एखाद्या धाग्याला चिकटतात. सगळ्यात जास्त निसटतात ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे: आदळण्याइतके जड नाहीत, भरकटण्याइतके हलके नाहीत. त्यांच्यासाठी चांगल्या फिल्टरच्या धाग्यांना कारखान्यातच स्थिर विद्युतभार दिलेला असतो, आणि कण धाग्याकडे ओढले जातात.

म्हणूनच फिल्टर धुवायचा नाही. पाण्याने, त्यातून साबणाच्या पाण्याने, तो भार जातो आणि धाग्यांची ठेवणही बिघडते. वाळल्यावर फिल्टर दिसतो पांढराशुभ्र, पण त्याच्या अंगातली निम्मी करामत गेलेली असते. कॉम्प्रेसरच्या हवेने वरची पानं-कचरा उडतो, धाग्यांत रुतलेली बारीक धूळ तशीच राहते, आणि जवळून मारलेला झोत नाजूक थर फाडतो. दोन बोटांनी धरून हलकेच झटकला, वरचा पालापाचोळा पाडला, इथवर ठीक. त्यापुढे नवीनच घ्यावा.

मळलेला फिल्टर धूळ आत सोडतो, हाही असाच एक गैरसमज. त्याची खरी अडचण अशी की तो हवाच सोडत नाही. ब्लोअर चारवर आणि हवा दोनची, हे पहिलं लक्षण. कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही तर कधीकधी तिच्यावर बर्फ धरतो आणि लांबच्या प्रवासात एसी अचानक मंदावतो. आपण गॅस संपला म्हणून गॅरेज गाठतो. मला सगळ्यात काळजीची वाटते ती पावसाळ्यातली गोष्ट. आंबोलीच्या घाटात धो धो पाऊस, गाडीत पाच ओली माणसं, काच आतून धुरकट झालेली, आणि ती पुसून काढायला ब्लोअरमध्ये दम नाही. तिथे फिल्टरचा प्रश्न आरोग्याचा न राहता सरळ अपघाताचा होतो.

तर आता काम. ह्युंदाईच्या आय टेन, आय ट्वेंटी जातीच्या गाड्यांची पद्धत सांगतो. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांतही जागा तीच, डावीकडच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. काही गाड्यांत फिल्टर त्याच्या खालून, पायाशी निघतो. मॅन्युअलमध्ये चित्र असतं. इग्निशन बंद करा. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा. विम्याचे जुने कागद, टोलच्या पावत्या, वितळून पुन्हा घट्ट झालेली चॉकलेटं, सगळं. आत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर प्लॅस्टिकचे अडसर असतात. ते फिरवून किंवा दाबून आत ओढले की ग्लोव्ह बॉक्स पूर्ण खाली झुकतो. त्याआधी बाजूला पाहा: झाकण सावकाश उघडावं म्हणून तिथे एक बारीक दांडी किंवा दोरी अडकवलेली असते. ती हुकातून अलगद काढा. घाईत ग्लोव्ह बॉक्स खाली हिसकला की मोडते ती हीच. काही मॉडेलांत अडसर नसतात. दोन्ही बाजूंच्या भिंती आत दाबून ग्लोव्ह बॉक्स सोडवावा लागतो. सकाळच्या गारव्यात प्लॅस्टिक कडक असतं, तेव्हा हे काम दुपारी केलेलं बरं.

मागे आडवं, वहीच्या पाठीएवढं काळं झाकण दिसेल. कडेची क्लिप दाबून ते काढा. आत फिल्टरची कड दिसते. तो एका झटक्यात ओढू नका. आडवाच ठेवून, सपाट, सावकाश बाहेर काढा, कारण त्याच्या वर साचलेलं सगळं खाली पंख्यात पडू शकतं, आणि एक काडी पडली तरी ब्लोअर पुढे टकटक करत राहतो. पायाशी जुनं वर्तमानपत्र अंथरा.

बाहेर आलेला फिल्टर उजेडात धरून पाहा. ज्यांची गाडी गुलमोहराखाली उभी असते त्यांच्या फिल्टरच्या घड्यांत त्याची बारीक पिवळी पानं उभी रचलेली सापडतात. शेवरीचा कापूस, डासांचे पंख, वाळलेले मुंगळे, आणि घडीच्या तळाशी राखाडी, जवळजवळ मखमली धूळ. कोपरा कुरतडलेला असेल, लेंड्या असतील, कापसाचा गोळा असेल, तर उंदराने घर केलं आहे. मग थांबा. मास्क आणि हातमोजे घाला, जंतुनाशकाचं पाणी शिंपडून सगळं ओलं करा आणि मगच फडक्याने उचला. त्यावर हवा मारायची नाही, झाडूही नाही. रिकाम्या खाचेत टॉर्च मारून खाली पंख्याकडे पाहा आणि पडलेला कचरा हाताने वेचा.

नवा फिल्टर बसवताना खरी गफलत बाणाची होते. काही फिल्टरवर ‘एअर फ्लो’ असं लिहून बाण असतो, काहींवर नुसता ‘अप’ आणि बाण. हे दोन वेगळे आहेत. ‘अप’ म्हणजे ती बाजू वर ठेवा. ‘एअर फ्लो’ म्हणजे हवा जाते त्या दिशेला बाण ठेवा, आणि फिल्टर पंख्याच्या वर आडवा असेल तर ती दिशा खालची. एकाच गाडीचे दोन कंपन्यांचे फिल्टर घेतले तर एकावर बाण वर आणि दुसऱ्यावर खाली दिसू शकतो, आणि दोन्ही बरोबर असतात. बाणच नसेल तर जुना फिल्टर पाहा. मळकी बाजू हवा येण्याची. दिशा महत्त्वाची असते, कारण पुष्कळ फिल्टरमध्ये भरड थर आधी आणि बारीक थर नंतर असतो. उलटा बसवला की बारीक थर सगळा भार अंगावर घेतो आणि लवकर तुंबतो.

फिल्टरची कड खाचेत नीट बसली का, हे बोट फिरवून पाहा. फट राहिली तर हवा सोप्या वाटेने, म्हणजे फटीतूनच, जाईल. मग झाकण, दांडी, अडसर, याच क्रमाने.

साधा फिल्टर २५० ते ५०० रुपयांच्या आसपास मिळतो, चारकोलचा थर असलेला त्याहून बराच महाग. चारकोल धूर आणि वास शोषतो. रोज बस-ट्रकच्या मागे तासन्‌तास रेंगाळणाऱ्याने तो घ्यावा. कार्बन मोनॉक्साइड मात्र चारकोलला अडत नाही. त्यामुळे बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून एसीत झोपणं जितकं जिवावरचं आधी होतं, तितकंच नंतरही राहतं. जाडजूड ‘हेपा’ फिल्टर जुन्या गाडीत कोंबण्याच्या फंदात मी पडणार नाही, ब्लोअर त्या विरोधासाठी बनवलेला नसतो. खरेदीला जाताना गाडीचं मॉडेल आणि साल दोन्ही सांगा, जुना फिल्टर सोबत न्या. नाव तेच राहून पिढी बदलली की मापही बदलतं.

कधी बदलायचा? मॅन्युअलमध्ये किलोमीटर दिलेले असतात, धुळीच्या भागात लवकर बदला असंही. मी किलोमीटरपेक्षा ऋतू पाहतो. पावसाळाभर फिल्टर दमट राहिलेला असतो, आणि त्याच सुमारास गाजरगवताचे पराग हवेत असतात. हे गवत देशात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यात, १९५० च्या दशकात, आणि आता सगळीकडे आहे. त्यानंतर हिवाळ्याची जड, धुरकट हवा. म्हणून दसरा-दिवाळीच्या साफसफाईत नवा फिल्टर, आणि मे अखेरीस एकदा उघडून पाहणं. चंद्रपूर-बल्लारपूरच्या कोळशाच्या पट्ट्यात किंवा गल्लीत सहा महिने काँक्रिटीकरण चालू असेल तर वर्षभर थांबू नका. कोल्हापूर-साताऱ्याकडे उसाचं पाचट पेटतं त्या दिवसांतही एकदा बघा. कोकणात धूळ कमी, बुरशी जास्त. तिथे फिल्टर काळा न दिसताही कुबट होतो. नाकाला लावून ठरवा. (मास्कशिवाय. पण उंदीर नसल्याची खात्री करून.)

फिल्टर बदलला, हवा जोरात येऊ लागली, पण एसी लावल्या लावल्या येणारा वास तसाच राहिला, तर दुखणं कॉइलवर आहे. त्यावर अत्तराची बाटली लावू नका. घरी पोचण्याच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवायची सवय लावा, कॉइल वाळते. आणि एसी बराच वेळ चालल्यावर गाडीखाली पाणी ठिबकतं का, तेही पाहा. ठिबकत नसेल आणि डावीकडची मॅट ओली लागत असेल, तर पाण्याची नळी तुंबली आहे. ती कुठे असते आणि तारेने का टोचायची नाही, ते पुढच्या लेखांकात.