एक चाल, अनेक गळे

टॅम्पिनीसच्या आमच्या घरी सध्या जमैकाची गाणी वाजतात. ही आवड मुलीची. तिच्याकडच्या एका संग्रहात दहा-बारा गायक आहेत, पण ड्रम आणि बास सगळ्यांचा अगदी एकच! हा काय प्रकार, असे आपल्यापैकी अनेकांना वाटेल, म्हणून थोडे सांगतो.

या सामायिक वाद्यसाथीला जमैकात 'रिडिम' म्हणतात. ती एकदा ध्वनिमुद्रित झाली की निर्माता ती अनेक गायकांपुढे ठेवतो. शब्द आणि गाण्याची धाटणी ज्याची त्याची. १९७४ साली रुपी एडवर्ड्स यांनी 'यामाहा स्कँक' ही अख्खी तबकडी एकाच रिडिमवर काढली. 'रिअल रॉक' ही १९६७ सालची, नुसत्या वाद्यांची धून. पुढे तिच्यावरच विली विल्यम्स यांनी उपाशी माणसांचे आणि न मिळणाऱ्या न्यायाचे गाणे गायले. अशा प्रबोधनपर गाण्यांना 'कॉन्शस' रेगे म्हणतात. गंमत म्हणजे एका प्रसिद्ध रिडिमचे नाव चक्क 'दिवाली' आहे! त्यावरचे शॉन पॉलचे गाणे २००३ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते.

हे सारे समजून घेताना मला आपले जाते आठवले. जात्याची घरघर हाच ठेका, चाल ठरलेली, आणि त्यावर प्रत्येक बाईची स्वतःची ओवी: माहेराची, भावाची, सासुरवासाची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. म्हणजे प्रबोधन जात्यावरही होतच होते.

फरक आहे तो पुढच्या पिढीचा. जमैकातला नवा गायक जुन्या रिडिमवर आपले शब्द बिनदिक्कत चढवतो, म्हणून ती धून जिवंत राहते. आपण मात्र आजीची ओवी टेप करतो आणि जपून ठेवतो. जपायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या ओवीत नवी ओवी मिळत नाही, तिची चाल आपल्यानंतर कोण गाणार?

आमच्या फ्लॅटमध्ये जाते नाही, दळणही नाही. चालीला मात्र त्याची गरज पडत नाही. ओवीला मराठीही फार जड लागत नाही. दोन ओळी, घरातले साधे शब्द. इथे वाढलेल्या मुलांना निबंध जमणार नाही, ओवी जमेल. मुलीने परवा घरापासून एमआरटीपर्यंत गाठणाऱ्या पावसावर एक रचली. आईला फोनवर ऐकवली, तर तिने एक शब्द बदलला आणि लगेच पुढची स्वतःची म्हटली.

तेव्हा मंडळी, गावी फोन कराल तेव्हा ओव्यांचे शब्द लिहून घ्याच, पण चालही मागून घ्या. आणि तिच्यावर आपली एक ओवी चढवा.