एमाचा नकार आणि रिफातले स्थळ

लग्नाचा विषय निघाला की पाय मागे घेणारी मुलगी ही हलक्याफुलक्या प्रेमकथेची लाडकी नायिका. ती शेवटी हो म्हणणार, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. त्यामुळे अशा कादंबरिकेचा खरा कस लागतो तो तिच्या ‘नाही’ला लेखकाने किती मान दिला यावर. ‘भित्री आहे, योग्य माणूस भेटला की विरघळेल’ या गृहीतावर उभी असलेली गोष्ट मला अन्यायाची वाटते. तिच्या नकारामागे बहुतेकदा हिशेब असतो आणि तो बरोबरही असतो. डिसेंबर 1815 मध्ये आलेल्या जेन ऑस्टिनच्या ‘एमा’मध्ये नायिका तो उघड मांडते: पैसा आहे, घर माझ्या शब्दावर चालते, वडिलांची मी लाडकी, लग्नाने यात भर ती काय पडणार? कादंबरी हा हिशेब कुठेही खोडून काढत नाही. एमाच्या वडिलांना एकटे सोडता येत नाही, म्हणून तिच्याशी लग्न करणारा नाइटलीच आपली डॉनवेलची वास्तू सोडून तिच्या घरी राहायला येतो. आपल्याकडे ज्याला घरजावई म्हणून हिणवतात, ते तो आपणहून पत्करतो. एमा तीच राहते. बदलतात त्या लग्नाच्या अटी.

मराठीतही हा हिशेब जुना आहे. 1933 मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने मालतीबाई बेडेकरांनी ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये शिकलेल्या मुलींची लग्नाच्या उंबऱ्यावरची घुसमट मांडली, तेव्हा केवढे वादळ उठले! पुढे 2012 मध्ये झी मराठीवरच्या ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’मध्ये लग्न नको असलेली राधा आणि अमेरिकेला जायची आस असलेला घना चक्क करार करून बोहल्यावर चढले, आणि घराघरांतून त्यांचे कौतुक झाले. अटी घातल्या की प्रेम संपते, असा आक्षेप घेणाऱ्यांनी या मालिकेचे यश आठवावे. करारामुळे दोघांवरचे दडपण उतरले, म्हणून तर प्रेमाला जागा मिळाली.

आता हीच गोष्ट बहरीनमधल्या रिफात नेऊन पाहा. तिथे नोकरी करणाऱ्या मुलाचे स्थळ नाशिकच्या कमावत्या मुलीला सांगून येते. कुटुंब व्हिसावर गेली तर तिचे तिथले राहणे नवऱ्याच्या परवान्याला बांधलेले. नोकरी करायची तर तिला कामाचा वेगळा परवाना हवा. ती विचार करायला वेळ मागते, तर लोक म्हणतात, ‘कमिटमेंटला घाबरते.’ प्रेमकथेत व्हिसाची कटकट कशाला, असे कुणी म्हणेल. पण ऑस्टिनने वडिलांची तब्येत आणि घराचा ताबा कथेत आणलाच होता, आणि ‘एमा’ त्याने जड झाली नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुलाचाही परवाना मालकाशी बांधलेला, तो नाइटलीसारखा तिच्या घरी येणार कसा? खरेच येऊ शकत नाही. मात्र रिफातल्या मुस्लिम शेजारणीकडून या नायिकेला शिकण्यासारखे आहे. मुस्लिम विवाहात वधूला निकाहाच्या करारात आपल्या अटी लिहून घेता येतात, आणि त्यात कुणाला प्रेमाचा अपमान दिसत नाही. आपल्या सप्तपदीत अशी लेखी जागा नाही. मग रिफाची मराठी कादंबरिका लिहिणाऱ्याने साखरपुड्याआधीच नायकाला तिच्यासाठी नोकरीच्या जाहिराती चाळायला बसवावे, आणि तिच्या हाती तिचा स्वतःचा परवाना येईपर्यंत लग्नाची तारीख काढू नये.