रस्त्याच्या आराखड्यात बंदोबस्ताचे स्थान

नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि कारंजा, मंगरुळपीर व मालेगाव या तालुक्यांतून जाणाऱ्या त्या मार्गाने वाशीम जिल्ह्याला ताशी १२० किलोमीटरांच्या वेगाचा परिचय घडविला. परंतु त्या वेगावर देखरेख कोणी, कोठून आणि कशी करावयाची, हा प्रश्न रस्ता आखतानाच सोडवावयाचा असतो. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर याच महामार्गावर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजानजीक, खासगी बस पेटून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले.

दंडाची पावती फाडणे म्हणजे बंदोबस्त नव्हे. भरधाव मालट्रक अडवावयाचा तर त्याला बाजूला घेता येईल अशी प्रशस्त जागा हवी, रात्री तेथे उजेड हवा, वजनकाटा हवा, आणि शिपायाला जीव धोक्यात न घालता कागदपत्रे तपासता यावीत इतके अंतर हवे; ही जमीन भूसंपादनाच्या वेळीच राखून ठेवली नाही, तर पुढे एकेका गुंठ्यासाठी दफ्तरदिरंगाई सोसावी लागते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३६-अ इलेक्ट्रॉनिक देखरेखीची तरतूद करते खरे, पण डोळ्यांवर झापड आलेल्या चालकाला थांबवून विश्रांती घ्यावयास लावणे कॅमेऱ्याच्या हाती नाही.

अंतर्गत रस्त्यांची गोष्ट निराळी. हंगामात सोयाबीनने भरलेल्या, मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या, आणि रामनवमीला मानोरा तालुक्यातील पोहरादेवीकडे लोटणारा बंजारा भाविकांचा समुदाय, यांचा हिशेब नकाशावर आधी मांडावा लागतो. म्हणून प्रादेशिक वाहतुकीचा कोणताही आराखडा मंजुरीस जाण्यापूर्वी त्यावर पोलीस अधीक्षकांचा लेखी अभिप्राय घेतला जावा, अशी जिल्हा प्रशासनास आमची आग्रहाची विनंती आहे.