एका वेळी एकच गोळी

नेमबाज अंजली भागवत (माहेरच्या वेदपाठक) यांनी दादरच्या कीर्ती महाविद्यालयात प्रवेश घेतला तो एनसीसीच्या ओढीने. पुढे त्या वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर सराव करू लागल्या आणि २००० साली त्यांनी सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. अथेन्सला, २००४ मध्ये, त्यांच्यासोबत सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडेही होत्या. तिघी संजय चक्रवर्ती यांच्या शिष्या. नेम, श्वास आणि ट्रिगर यांविषयी नेमबाज भरभरून बोलतात. गोळी भरण्याचं कसब मात्र प्रेक्षकांच्या नजरेतून सुटतं, आणि निकालात त्याचा वाटा मोठा असतो.

स्पर्धेत एका वेळी एकच गोळी भरायची. साठ फैरी म्हणजे साठ वेळा तीच कृती.

पन्नास मीटर रायफलसाठी पॉइंट टू-टूचं काडतूस लागतं. त्याच्या तोंडाशी सुमारे २.६ ग्रॅमची शिशाची उघडी गोळी असते, वरून मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर. शिसं मऊ, कडेला घासलं तरी ओरखडा उठतो. म्हणून काडतूस बुडाकडून धरायचं, नळीमागच्या पन्हळीत अलगद ठेवायचं आणि टोक कुठे लागू न देता पुढे सरकवायचं. नळी मागून बंद करणारा बोल्ट लागता लागता हाताला किंचित अडसर जाणवतो. गोळीचं नाक तेव्हा नळीतल्या पिळदार खाचांमध्ये शिरत असतं. बार उडण्याआधीच ती नळीच्या सरळ रेषेत बसते, वाकडी शिरण्याचा धोका कमी होतो. बोल्ट दर वेळी सारख्याच जोराने लावायचा, तो यासाठी.

असं घट्ट बसलेलं काडतूस न उडवता काढायला गेलं, तर कधी गोळी नळीतच अडकते आणि दारू यंत्रणेत सांडते. तापलेल्या नळीत ते फार वेळ ठेवणंही बरं नाही. उष्णतेने वेग बदलतो, नेम हलतो.

पडून नेम धरताना कसोटी आणखी कडक होते. डावं कोपर, दंडाला आवळलेला पट्टा आणि खांद्याला टेकलेला दस्ता जागचे हलता कामा नयेत. काडतुसांची पेटी उजव्या हाताच्या टप्प्यात ठेवून त्या एकाच हाताने सगळं करायचं.

अमेरिकेतल्या जर्मन वंशाच्या नेमबाजांनी एकोणिसाव्या शतकात गोळी आधीच खाचांमध्ये बसवण्याचं तत्त्व टोकाला नेलं होतं. ते नुसती गोळी अवजाराने खाचांमध्ये दाबून बसवत आणि मग मागून दारू भरलेली पुंगळी सरकवत; तीच पुंगळी दिवसभर पुन्हा पुन्हा भरली जाई. हॅरी पोप या नामवंत कारागिराच्या रायफलींत गोळी नळीच्या तोंडातून ठोकली जाई. नळीच्या कडेला इजा होऊ नये म्हणून तोंडावर एक जोडतुकडा बसवत.

दहा मीटरच्या एअर रायफलीत ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा बोटांनी ठेवतात. त्याचा मागचा घेर पातळ असतो. तो चेपला की हवेचा दाब नीट पकडत नाही. आणि तिथे दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा.

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक ४५१.४ गुणांनी जिंकलं. त्यांच्या प्रशिक्षक होत्या त्याच दीपाली देशपांडे. त्या अंतिम फेरीत पडून मारायच्या दर पाच फैरींना १५० सेकंद मिळत होते. गोळी भरणं, नेम धरणं आणि चाप ओढणं, सगळं त्या वेळातच.