रिपोर्ट नॉर्मल, तरी डोकं ठणकतंच

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर, चिखली, लोणारकडून अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला ‘डोक्याचा फोटो’ काढायला निघालेली बाई सहसा एकटी नसते. सोबत नवरा नाहीतर भाऊ असतो. दोघांचीही दिवसाची मजुरी बुडालेली असते आणि पिशवीत अर्धवट संपलेल्या गोळ्यांची पाकिटं असतात. संध्याकाळी हातात भलीमोठी काळी फिल्म पडते. घरी आल्यावर कोणीतरी ती ट्यूबलाइटसमोर धरतं. फिल्मवरचं कोणालाच काही कळत नाही, सोबतच्या कागदावरचा ‘नॉर्मल’ हा शब्द मात्र सगळ्यांना कळतो. मग घरात ठरून जातं की एवढ्या मोठ्या मशीनला काही सापडलं नाही, म्हणजे हिला काही झालेलंच नाही.

असं ठरवणं अन्यायाचं आहे. अर्धशिशीत मेंदूत खरोखर काय घडतं, हे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बऱ्याच अंशी अशाच यंत्रांनी उलगडलं आहे.

हा आजार दुर्मीळ नाही. कर्नाटकात बंगळूर आणि आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन केलेली पाहणी निम्हान्स या संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात वर्षभरात अर्धशिशी झालेल्या प्रौढांचं प्रमाण सुमारे २५ टक्के निघालं, म्हणजे चारातला एक. बायकांमध्ये ते पुरुषांपेक्षा बरंच जास्त होतं. उन्हाळ्यात पारा कुठे जातो आणि कापूस वेचणाऱ्या बाईचं दुपारचं जेवण किती वाजता होतं, हे ठाऊक असलेल्या कोणालाही बुलढाणा जिल्ह्यात चित्र फार वेगळं असेल असं वाटणार नाही.

तरीही रिपोर्ट नॉर्मल का येतो? दवाखान्यातला नेहमीचा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. गाठ, रक्तस्राव, सूज, बंद पडलेली रक्तवाहिनी हे त्यात दिसतं. अर्धशिशीत बिघडतं ते मेंदूचं काम. विहिरीवरच्या मोटारीचा फोटो काढला तर मोटार जागेवर आहे एवढं दिसेल, ती पाणी ओढते आहे की नुसतीच गुरगुरते आहे, ते फोटोत येणार नाही. मेंदूचं काम पाहायला वेगळी पद्धत लागते. रक्तात प्राणवायू भरपूर असला की त्याचे चुंबकीय गुण एक प्रकारचे असतात, कमी झाला की बदलतात. हा फरक स्कॅनमध्ये टिपता येतो, हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं रक्त धावतं, आणि यंत्र त्याचा माग काढतं. हाच फंक्शनल एमआरआय.

अडचण एकच, पण मोठी. ठणका कधी सुरू होईल ते सांगता येत नाही, आणि सुरू झाल्यावर उलट्या होणाऱ्या, आवाज आणि उजेड सहन न होणाऱ्या माणसाला त्या धडधडणाऱ्या बोगद्यात निश्चल पडून राहा म्हणणं क्रूर आहे. त्यामुळे या विषयातले गाजलेले अभ्यास अगदी थोड्या लोकांवर झालेले आहेत. त्या लोकांच्या सोशिकपणाचं मोल मोठं आहे.

हॅम्बुर्गमध्ये लॉरा शुल्टे आणि आर्ने माय यांनी अर्धशिशीच्या एकाच रुग्णाचं रोज एकदा, असं सलग ३० दिवस स्कॅनिंग केलं. स्कॅन चालू असताना नाकात अमोनियाची झुळूक सोडायची आणि त्या झोंबण्याला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते पाहायचं, अशी रीत होती. त्या महिन्यात तीन वेळा डोकं उठलं. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुखणं सुरू होण्याच्या आदल्या चोवीस तासांतच मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसची हालचाल वाढलेली होती, आणि चेहऱ्या-डोक्याकडून वेदनेचे संदेश घेणाऱ्या केंद्राशी त्याचं साटंलोटं बदललेलं होतं. डोकं दुखायच्या कितीतरी आधी आजार सुरू झालेला होता.

हायपोथॅलॅमसकडे भूक, तहान, झोप आणि शरीराचं रोजचं घड्याळ सांभाळायचं काम असतं. म्हणूनच पुष्कळांना आदल्या दिवशी जांभयांवर जांभया येतात, मान अवघडते, चिडचिड होते, एकदम काहीतरी गोड खावंसं वाटतं. दुसऱ्या दिवशी डोकं उठलं की घरचे म्हणतात, ‘काल पेढे खाल्ले ना, भोगा आता.’ या अभ्यासामुळे गोष्ट उलटी असण्याची दाट शक्यता पुढे आली आहे. पेढ्याची वासना हीच कदाचित सुरू झालेल्या आजाराची पहिली खूण असते, आणि दोष बिचाऱ्या पेढ्यावर येतो. चतुर्थीचा कडक उपवास, लग्नघरातलं जागरण, उन्हात टळलेलं जेवण यांनी डोकं का चढतं, याचाही धागा इथेच सापडतो.

काहींना दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसू लागतात. मधल्या भागातलं दिसेनासं होतं आणि वीसेक मिनिटांत ही आकृती पसरत कडेला जाते. कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाला स्वतःलाच हा त्रास होता. १९४१ मध्ये त्यानं आकृतीच्या वेगावरून गणित मांडलं की मेंदूच्या दृष्टिकेंद्रावरून मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगानं काहीतरी सरकत असावं. १९४४ मध्ये ब्राझीलच्या आरिस्तिदिस लिआँव यांना सशाच्या मेंदूत तशाच संथ वेगानं पसरणारी लाट सापडली. माणसात मात्र ती पकडायची कशी? बोस्टनमधल्या नुशीन हाजीखानी यांच्या गटाला असा एक माणूस भेटला की ज्याला बास्केटबॉल खेळून दमल्यावर हमखास या रेषा दिसायच्या. त्यानं खेळायचं आणि थेट यंत्रात जाऊन पडायचं. २००१ मध्ये त्यांनी स्कॅनवरून लाटेचा वेग दिला, मिनिटाला सुमारे ३.५ मिलिमीटर. साठ वर्षांपूर्वी कागदावर केलेलं गणित खरं निघालं.

डोक्याच्या शिरा फुगतात म्हणून ठणका लागतो, ही समजूत डॉक्टरांमध्येही दीर्घकाळ पक्की होती. कोपनहेगनमध्ये १९ स्त्रियांचं ऐन दुखण्यात स्कॅनिंग केलं, तेव्हा कवटीबाहेरच्या धमन्या रुंदावलेल्या आढळल्याच नाहीत, आतल्या किंचितच रुंदावलेल्या होत्या. २०१३ च्या त्या निष्कर्षानंतर एकट्या शिरांना जबाबदार धरणं कठीण झालं. त्याआधी १९९५ मध्ये जर्मनीतल्या एका गटाला नऊ रुग्णांत दिसलं होतं की इंजेक्शननं दुखणं थांबलं तरी मेंदूच्या देठातली हालचाल चालूच राहते. औषधाचा अंमल उतरल्यावर डोकं पुन्हा का उठतं, याचा हा एक अंदाज.

मग प्रत्येकानं मशीनमध्ये जायचं का? नाही. ठणक्याचा प्रकार वर्षानुवर्षं तोच असेल आणि डॉक्टरांच्या तपासणीत काही वावगं नसेल, तर स्कॅनची सहसा गरज नसते. अर्धशिशीचं निदान होतं ते विचारपूस करून. उसनवारी करून काढलेल्या फिल्मपेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोकं उठलं ते दिवस, पाळी, जागरण आणि घेतलेल्या गोळ्या यांच्या खुणा केल्या, तर डॉक्टरांना जास्त उपयोग होतो. कधीकधी एमआरआयमध्ये बारीक पांढरे ठिपके येतात आणि घर हादरतं. नेदरलँड्समध्ये असे ठिपके असलेल्या लोकांना नऊ वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा ठिपक्यांमुळे बुद्धी किंवा स्मरण ढासळल्याचं आढळलं नाही.

काही वेळा मात्र एक दिवसही थांबू नये. क्षणात वीज पडल्यासारखं डोकं दुखणं, तापासोबत मान ताठणं, हातपाय लुळे पडणं, झटके येणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, डोक्याला मार, आणि गरोदरपणी किंवा बाळंतपणानंतर नव्यानं उठलेलं तीव्र दुखणं. बाळंतिणीचं डोकं ‘वाऱ्यानं’ दुखतं म्हणून फडकं बांधून तिला निजवण्यात जीव जाऊ शकतो, कारण मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

स्कॅनच्या या संशोधनातली माणसं युरोप-अमेरिकेतली. आपल्याकडची एक नोंद त्यांच्याकडे नाही. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. डोक्यावरून आंघोळ केली की यांची अर्धशिशी उठायची. केस धुतले की डोकं धरतं, हे आपल्याकडे आयाबाया पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या, पण ते कागदावर आलं तेव्हा परदेशी डॉक्टरांना नवं वाटलं. संशोधकांची सगळ्यात मोठी अडचण दुखण्याची वेळ पकडण्याची, आणि इथे तर ती वेळ बाईला स्वतःलाच ठाऊक असते. बोस्टनच्या खेळाडूसारखं तिलाही न्हाण्याआधी आणि न्हाल्यानंतर तपासता येईल. त्यासाठी मोठ्या शहरातलं यंत्र लागेल, पण अशा बायकांची नीट नोंद घ्यायला वही आणि विचारणारं माणूस पुरे. बुलढाण्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना ही नोंद मोताळ्यापासून सिंदखेड राजापर्यंत गावोगाव करता येईल.